कात्रीतून सुटलेली फीत

माहितीपटात ‘मुंबई, १९०१’ अशी पाटी येते आणि तिच्यामागून मोटारबस जाते, तेव्हा मी चित्र थांबवते आणि घरचे वैतागतात. मुंबईत बस सुरू झाली जुलै १९२६ मध्ये. विजेवरची ट्राम १९०७ ची. त्याआधी ट्रामला घोडे जुंपलेले असत. दुमजली बस आली १९३७ मध्ये. अशा खुणांवर माझं पोट चालतं. अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटात राहून मी माहितीपटांसाठी जुनं चित्रण शोधते, त्याचं साल पडताळते आणि वापराचे हक्क मिळवते. आमच्या ओळखीतले बहुतेक जण सॉफ्टवेअरमधले, त्यामुळे गणपतीच्या पंगतीत हा धंदा दर वर्षी पहिल्यापासून समजावून सांगावा लागतो.

डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईत चित्रण झालं होतं, हे खरं आहे. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे परत आले, त्यांचं स्वागत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी टिपलं. त्याआधी, १८९९ मध्ये, हँगिंग गार्डनमधली कुस्तीही त्यांनी टिपली होती. यातलं आज काहीही उरलेलं नाही. दिग्दर्शकाला हे सांगितलं की तो म्हणतो, “मग त्या सुमाराचं काहीतरी लावू या.” आणि तिथेच ती बस शिरते. माझं मत या बाबतीत कडक आहे. जे नाही ते नाही म्हणून दाखवावं. छायाचित्र ठेवा, त्या आठवड्याचं वर्तमानपत्र ठेवा, नाहीतर निवेदकाला सरळ सांगू द्या की ही फीत हरवली. हरवलं हीसुद्धा माहितीच आहे. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ तरी कुठे पूर्ण उरला? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांचं जे थोडंफार दिसतं, तेही तिथले पी. के. नायर त्यासाठी फाळके कुटुंबाकडे नाशिकला गेले म्हणून. जुनी नायट्रेटची फीत पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच तिच्या साठ्याला आग लागली आणि पुष्कळ काही गेलं.

शोधाची सुरुवात मी संगणकापासून करत नाही, तारखेपासून करते. जुन्या बातमीपटांच्या कॅमेरामनांनी डब्याबरोबर एक कागद पाठवलेला असे, त्याला आम्ही डोप शीट म्हणतो. कुठे, कधी, कोण, किती फूट. भारतातल्या गावांची आणि माणसांची नावं त्यावर कानावर पडली तशी लिहिलेली, पुढे सूचीकारानं ती आणखी बिघडवलेली. म्हणून नाव टाकून काही हाती लागत नाही. त्या दिवशी कोणती कंपनी त्या गावात होती, हे आधी वर्तमानपत्रांवरून काढावं लागतं. फीत हातात आलीच तर तिची कडा वाचायची. कोडॅकच्या फितीवर गोल, चौकोन, त्रिकोण असे बारीक छाप असतात, त्यावरून फीत कोणत्या साली बनली ते कळतं. मात्र ती चिन्हं वीस वर्षांनी फिरून तीच येतात, त्यामुळे १९२७ की १९४७ हे शेवटी टोपी, मोटार आणि दुकानाची पाटीच सांगते.

माझ्या घरापासून गाडीनं चारेक तासांवर, साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात, विद्यापीठाकडे फॉक्स मूव्हिटोनच्या बातमीपटांचा मोठा साठा आहे. कंपनीनं तो १९८० मध्ये दिला. एप्रिल १९३१ मध्ये बोरसदला गांधीजींची जी बोलती मुलाखत घेतली गेली, ती मूव्हिटोनचीच. या साठ्यातलं माझं आवडतं सामान म्हणजे थिएटरात कधीच न दाखवलेले तुकडे. बातमीत मिनिटभर लागलं, बाकीचं कापून बाजूला ठेवलं. त्या उरल्यासुरल्यात माणसं कॅमेरा सुरू व्हायची वाट बघत असतात, कोणी कोणाला पुढे ढकलतो, मागे पोरं गर्दी करतात. दिग्दर्शकाला भाषण हवं असतं; मी त्याला भाषणाआधीची ती दहा सेकंदं देते, आणि बहुतेकदा चित्रपटात तीच टिकतात.

सापडलं म्हणजे झालं नाही. अटलांटात राहून हे विसरता येत नाही, कारण मार्टिन ल्यूथर किंग यांचं हे शहर आणि त्यांच्या भाषणांच्या हक्कांवर इथेच खटला चालला. नागरी हक्कांच्या लढ्यावरची ‘आइज ऑन द प्राइझ’ ही हेन्री हॅम्प्टन यांची मालिका १९८७ मध्ये दाखवली गेली. त्यातल्या जुन्या चित्रणाचे हक्क ठरावीक वर्षांपुरते घेतले होते. मुदत संपली आणि इतकी महत्त्वाची मालिका वर्षानुवर्षं अडकून पडली. नव्यानं पैसे उभे राहिल्यावर २००६ मध्ये ती पुन्हा दाखवता आली. म्हणून मी निर्मात्याला पहिल्याच दिवशी सांगते: पैसे कमी असतील तर क्लिपा कमी घ्या, पण कायमच्या घ्या. अमेरिकन सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून केलेलं चित्रण हक्कमुक्त असतं. भारतात चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतात. पण हक्क संपले तरी डबा ज्याच्या कपाटात आहे, त्याच्याच दाराशी जावं लागतं.

आणि हे चित्रण ज्यांनी केलं, त्यांचं ऋण? डिसेंबर १९५६ मध्ये दादरला बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, ती नामदेवराव व्हटकरांनी पदरचे पैसे घालून चित्रित केली. पुढच्या पिढ्यांनी ती गर्दी पाहिली, ती त्यांच्यासारख्या माणसामुळे. श्रेयनामावलीत अशी नावं ‘जुने चित्रण’ या दोन शब्दांत बुजवली जातात, याची मला चीड येते.

आता इथलं, आपल्या जॉर्जियातलं. जॉर्जिया विद्यापीठाच्या अथेन्समधल्या माध्यम संग्रहात अटलांटाच्या डब्ल्यूएसबी वाहिनीच्या बातम्यांच्या फिती आहेत, तशीच घरगुती चित्रणंही आहेत. थॉमसव्हिलच्या एका मळ्यावरच्या अशाच घरगुती फितीत १९१९ च्या सुमाराचा कृष्णवर्णीयांचा बेसबॉल सामना निघाला. बातमीवाल्यांनी तिकडे कधी कॅमेरा वळवला नसता. अमेरिकेचा नवा स्थलांतर कायदा १९६५ चा, आणि कोडॅकनं सुपर-८ बाजारात आणला तोही १९६५ मध्येच. त्यामुळे इथे आलेली मराठी माणसांची पहिली मोठी पिढी हातात कॅमेरा घेऊनच आली. विमानतळावरचे आईवडील, भाड्याच्या शाळेतली दिवाळी, मंडळाची नाटकं, सगळं त्यांनी टिपलं. त्यांची घरं आता रिकामी होत आहेत आणि खोकी कचऱ्यात जात आहेत.

तुमच्या तळघरात असं खोकं असेल तर जुन्या प्रोजेक्टरवर फीत चढवून बघू नका, दाते तिला फाडतील. व्हिनेगरचा वास येत असेल तर तो डबा वेगळा काढा आणि आधी त्याचीच डिजिटल प्रत करून घ्या. प्रत झाली तरी मूळ फीत टाकू नका. फिलाडेल्फियाचं ‘साडा’ हे दक्षिण आशियाई अमेरिकनांचं अभिलेखागार डिजिटल प्रत ठेवतं. मूळ वस्तू तुमच्याकडेच राहते. आणि या दिवाळीत आजीआजोबांना शेजारी बसवून ती प्रत लावा, दिसेल त्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि साल पेन्सिलीनं वहीत लिहा, आणि वही खोक्यातच ठेवा.