फारकत

नवराबायकोनें वेगळें होण्यास आपल्या भाषेंत तीन शब्द आहेत आणि ते तीन निरनिराळ्या वृत्तींतून आलेले आहेत. घटस्फोट हा त्यांतला प्रतिष्ठित शब्द; वर्तमानपत्रें आणि कचेऱ्या तोच वापरतात. परंतु धर्मशास्त्रांत घटस्फोट म्हणजे पतित मनुष्यास जिवंतपणींच मेलेला समजून टाकून देण्याचा विधि. आप्तेष्टांनीं जमावयाचें, त्याच्या नांवाचा पाण्यानें भरलेला घट दासीनें पायानें कलंडावयाचा, आणि तेव्हांपासून त्याच्याशीं भाषण, सहवास, देवघेव सारें बंद. काडीमोड हा शब्द याहून सौम्य आहे. पुष्कळ जातींच्या रूढींत तो होता, आणि १९५५ च्या हिंदु विवाहाच्या कायद्यानेंहि अशा रूढींना धक्का लावला नाहीं. पण काडी मोडली म्हणजे काम संपलें असें त्यांत ध्वनित होतें; पुढचें कांहीं नाहीं. तिसरा शब्द फारकत. हा मूळचा दप्तरांतला फारखत. कर्ज फिटलें कीं सावकार फारखत लिहून देई, भागी मोडली कीं भागीदार देत, भाऊ वेगळे निघाले कीं भाऊ देत, आणि नवराबायको वेगळीं झालीं कीं तेथेंहि हाच कागद होई. आतां तुझ्यामाझ्यांत देणेंघेणें उरलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

तिन्हींत हा शेवटचा शब्द मला जवळचा वाटतो, याचें कारण असें कीं, माझ्या घराण्यांत आजवर तीन वाटण्या झाल्या आणि तिन्हींस मी पंच म्हणून बसलों. वाटणी हें काम आपल्या लोकांस उत्तम येतें. एकानें वांटे पाडावे आणि दुसऱ्यानें आधीं उचलावा, ही युक्ति कोणत्याहि कायद्याच्या पुस्तकावांचून खेड्यांतल्या म्हाताऱ्यांस ठाऊक असते. भांडीं वजनावर जातात, शेताला बांध पडतो, घरांत भिंत उठते. विहीर मात्र कोणी वांटीत नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यावर हिस्से लिहिले जातात, पण प्रत्यक्षांत पाण्याच्या पाळ्या बांधतात. सोमवार-मंगळवार थोरल्याचा, बुधवार-गुरुवार धाकट्याचा. भाऊ एकमेकांचें तोंड पाहत नसले तरी पाळी चुकवीत नाहींत. इतकी जाणती माणसें नवराबायकोच्या वाटणीची वेळ आली कीं एकदम अडाणी होतात. एक पक्ष समजूत घालूं लागतो, दुसरा दोष शोधूं लागतो, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसावयास कोणी तयार नसतें.

माझ्या भाचीचें लग्न मोडलें तेव्हां हें सर्व मला जवळून पाहावयास मिळालें. लग्नांत भाचीस अंतरपाटापाशीं घेऊन जाण्याचें काम मामाचें. तें मीं केलें होतें. त्यानंतर नऊ वर्षांनीं, २०१८ साली, कौटुंबिक न्यायालयाच्या बांकावर तिच्या शेजारीं बसण्याचें कामहि माझ्याकडेच आलें. बहिणीस तें रुचलें नाहीं. ती म्हणाली, “दादा, पोरीला चार गोष्टी सांगून घरीं पाठवायची, तें सोडून तूं याद्या कसल्या करत बसला आहेस?” लग्न कां मोडलें तें मी येथें सांगणार नाहीं, तें त्या दोघांचें आहे. दोघेंहि मला मामा म्हणत आणि दोघांनींहि मला बोलाविलें, एवढें पुरे. मध्यें सात वर्षांचा एक मुलगा होता.

याद्या करावयास बसल्यावर मला एक चमत्कार दिसला. पोटगीची ठोक रक्कम किती, यावर त्यांचें एका बैठकींत एकमत झालें. पुरणयंत्र कोणाचें, यावर तीन बैठका गेल्या. त्या घरांत पुरण वर्षांतून एकदां शिजे, आणि तेंहि विहीणबाईंच्या हातचें. परंतु पांच आंकडी, सहा आंकडी रकमेला राग चिकटत नाहीं. तो चिकटावयास हाताळलेली वस्तु लागते. मनाचें दुःख म्हणतात तें मीं त्या दिवसांत असेंच पाहिलें. भाची न्यायालयांत रडली नाहीं, बँकेंत रडली नाहीं. डबे वेगळे करतांना एका डब्याचें झांकण दुसऱ्या डब्यावर बसतें हें पाहून रडली.

तिच्या माहेरचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा हे देव यादींत लिहावे कीं नाहीं, हा प्रश्न मलाच पडला होता. आपल्याकडे मुलगी हे देव घेऊन सासरीं जाते. ते परत आणण्याचा विधि कोणत्याहि पोथींत मीं पाहिला नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें प्रश्न सोपा होता. स्त्रीधन हें स्त्रीचेंच, सासरीं तें केवळ ठेव म्हणून असतें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालींच सांगून ठेविलें आहे. परंतु नऊ वर्षें त्या अन्नपूर्णेस रोज न्हाऊ घातलें होतें विहीणबाईंनीं. मीं यादी वाचीत असतां त्या आंत गेल्या, मूर्ति खणांत गुंडाळून घेऊन आल्या, आणि माझ्या हातीं न देतां भाचीच्या ओटींत घालून म्हणाल्या, “तांदूळ रोज बदलत जा.” त्या दोघींचें नातें कोणत्या हुकुमानाम्यानें मोडलें, हें मला आजवर कोणी समजावून दिलेलें नाहीं.

पैशाच्या बाबतींत मात्र भावना बाजूस ठेवून कांहीं गोष्टी ध्यानांत घ्याव्या लागतात. आपल्या हिंदु कायद्यांत नवराबायकोची म्हणून सामाईक मालमत्ता नाहीं. घर ज्याच्या नांवावर त्याचें. दुसऱ्यानें त्या घरांत नऊ वर्षें काय केलें याचा विचार पोटगी ठरवितांना होतो, मालकी ठरवितांना होत नाहीं. शेजारच्या गोव्यांत १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेला नियम निराळा आहे: लग्नापूर्वीं वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची, आणि विभक्त होतांना अर्धी अर्धी. सावंतवाडीची मुलगी आणि पेडण्याची मुलगी यांच्यामध्यें या एका बाबतींत केवढी दरी आहे, हें लग्न जुळवितांना दोन्हीकडच्या किती वडीलधाऱ्यांच्या मनांत येत असेल?

आमच्या प्रकरणांत घर नवऱ्याच्या नांवावर आणि कर्ज दोघांच्या नांवावर होतें. हें फार घरांत असतें, कारण दोन पगार दाखविले म्हणजे कर्ज मोठें मिळतें. न्यायालय लग्न मोडतें, पण बँक त्या दाव्यांत पक्षकार नसते. तिच्या वहींत दोन्ही नांवें तशींच राहतात आणि उद्यां नवऱ्यानें हप्ते थकविले तर तगादा बायकोकडेहि येतो. म्हणून नवऱ्यानें बँकेकडून तिचें नांव कमी करून आणावें आणि तसें पत्र दाखविल्यावरच दुसरा जबाब व्हावा, अशी अट मीं घालावयास लाविली. भविष्यनिर्वाहनिधि, विमा, ठेवी यांवरचीं वारसनोंदीचीं नांवें आपोआप बदलत नाहींत, तींहि बसून बदललीं. मुलाचा खर्च आईच्या पोटगींत मिसळूं दिला नाहीं. आईनें रागाच्या भरांत “मला कांहीं नको” म्हटलें तरी मुलाचा हक्क सोडण्याचा अधिकार तिला नसतो. शिवाय शाळेची फी दरसाल वाढते, तर रक्कमहि दरसाल वाढली पाहिजे, हें लिहून घेतलें. पुढें २०२० साली सर्वोच्च न्यायालयानें पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनीं आपल्या मालमत्तेचें आणि देण्याचें प्रतिज्ञापत्र द्यावें असा दंडक घालून दिला, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेंहि ठरविलें. तडजोडीनें निघणाऱ्यांनींहि असा कागद आपणहून एकमेकांस द्यावा. अर्धी भांडणें संशयाचीं असतात.

पैसे देऊन मोकळें होण्याची ही गोष्ट आजची नव्हे. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनीं रखमाबाईंवर नांदावयास येण्याचा दावा लावला. १८८७ साली न्यायालयानें नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने कैदेंत जा, असा हुकूम दिला. शेवटीं १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन नवऱ्यानें आपला आग्रह सोडला, आणि रखमाबाई पुढें विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. एवढा देश ढवळून काढणारें प्रकरण अखेर एका पावतीवर मिटलें! नांदावयास येण्याचा दावा मात्र १९५५ च्या कायद्यांतहि नवव्या कलमाच्या रूपानें राहिलाच.

आतां सहा महिन्यांविषयीं. मुंबई इलाख्यांत हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला होता, परंतु तेथें एकानें दुसऱ्यावर दोष शाबीत करावा लागे. परस्परसंमतीची वाट १९७६ साली निघाली. एक वर्ष वेगळें राहिल्यावर दोघांनीं मिळून अर्ज करावयाचा, मग किमान सहा महिने थांबून आणि अठरा महिन्यांच्या आंत पुन्हां येऊन सांगावयाचें कीं विचार कायम आहे. सर्व गोष्टींची तडजोड झाली असेल आणि समेटाची आशा नसेल, तर हे सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयास आहे, असा निर्णय २०१७ साली झाला. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, “आपण तसा अर्ज देऊं, लवकर सुटाल.” मीं नको म्हटलें. मन पालटेल अशी माझी समजूत नव्हती. मला ते महिने मुलासाठीं हवे होते. विहिरीच्या पाळ्या बांधल्या तर पहिलें वर्ष चालवून पाहतात, आणि कोणाचें पीक सुकतें तें पाहून फेरफार करतात. शिवाय विहिरीला, आपणांस कोणी उपसतें आहे, हें कळत नाहीं, पोराला कळतें.

कागदावर पाळ्या उत्तम दिसत होत्या. शाळेचे दिवस आईकडे. महिन्यांतले दोन शनिवार-रविवार बापाकडे. उन्हाळ्याची सुट्टी अर्धी अर्धी. दोन महिने झाले आणि सोमवारीं सकाळीं मुलाचें पोट दुखूं लागलें. आईचें म्हणणें, बाप बाहेरचें खावयास घालतो. बापाचें म्हणणें, आई शाळेविषयीं धाक घालते. मीं वही ठेविली होती, ती उघडून पाहिली, तेव्हां असें दिसलें कीं बाप गांवाला गेला असतां, म्हणजे मुलगा आईकडेच असतां, सोमवार सुखाचा जाई. आणि आजी रविवारीं परत आणून सोडी तेव्हांहि कांहीं दुखत नसे. दुखे तें फक्त बापानें रात्रीं नऊला इमारतीच्या फाटकाशीं मुलाला आईच्या स्वाधीन केलें म्हणजे. दोघें एक शब्दहि वांकडा बोलत नसत. किंबहुना बोलतच नसत. तीन-चार मिनिटें तो दप्तर घेऊन दोघांच्या मध्यें उभा राही. मग असें ठरविलें कीं बापानें शुक्रवारीं परस्पर शाळेंतून न्यावें आणि सोमवारीं परस्पर शाळेंत सोडावें. फाटक मधून निघून गेलें. दोन आठवड्यांत पोटदुखीहि गेली. जी अट वकिलांनीं लिहिली होती ती बदलून ही लिहिली गेली, आणि न्यायाधीशांनींहि ती तशीच मान्य केली.

आणखीहि बारीकसारीक गोष्टी त्या महिन्यांत उघडकीस आल्या. हवी ती वही नेहमीं दुसऱ्या घरीं असे. म्हणून बालभारतीच्या पुस्तकांचा दुसरा संच आणि दुसरा गणवेष घेतला, त्याला फारसा खर्च आला नाहीं. “बाबांना सांग फीची तारीख गेली,” असले निरोप मुलाच्या तोंडून जात. ते बंद करून खर्चाची वही महिन्याच्या महिन्यास माझ्याकडे येऊं लागली. शाळेच्या कागदांवर पालक कोण, पारपत्राला सही कोणाची, हेंहि लिहावें लागलें. १९५६ च्या कायद्यांत अज्ञानाचा नैसर्गिक पालक बाप, आणि ‘त्याच्या मागून’ आई, असे शब्द आहेत. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानें त्यांचा अर्थ बापाच्या हयातींतहि आई पालक होऊं शकते असा लावला. त्याच कायद्यांत मुलाचें हित सर्वांत वर मानावें असेंहि म्हटलें आहे. हित म्हणजे काय, हें कायदा सांगत नाहीं, आणि सांगूं शकणारहि नाहीं. शाळेच्या फाटकाची युक्ति कोणत्या कलमांत बसणार?

सर्वांत अवघड कलम निघालें गणपतीचें. बापाचें मूळ घर राजापुराकडचें. तेथें सारे चुलते जमतात आणि आरतीला झांज वाजविण्याचा मान त्या वर्षापासून या मुलाकडे आला होता. दिवाळी आईकडे, गणपती बापाकडे, यावर वाद नव्हता. परंतु मसुद्यांत इंग्रजी तारीख हवी होती. मीं सांगितलें कीं गणपति तारखेनें येत नाहीं, तिथीनें येतो. वकीलबाईंनीं पुढच्या दहा वर्षांच्या तारखा काढण्याची तयारी दाखविली. अधिक मासाचा हिशेब सांगितल्यावर त्यांनीं लेखणी खालीं ठेविली. अखेर न्यायालयाच्या इंग्रजी मसुद्यांत ‘भाद्रपद शुद्ध चतुर्थी, आदले दोन दिवस आणि विसर्जनापर्यंत’ असे शब्द गेले. टंकलेखकानें त्यांत दोन चुका केल्या, त्या मीं हातानें दुरुस्त केल्या, आणि दोघांनीं त्या दुरुस्त्यांपाशीं सह्या केल्या.

मुलाला आतां मिसरूड फुटूं लागलें आहे. झांज धाकट्या चुलतभावाकडे गेली असून तो पखवाज वाजवितो, आणि गांवाला जातांना आजीसाठीं आईनें दिलेला खण घेऊन जातो.