अठ्ठ्याऐंशी श्रेयांकांची एम.एस्सी.

जीवशास्त्राची एम.एस्सी. सहसा त्या एका नावाने मिळत नाही. वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशी एखादी शाखा निवडावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात दोन वर्षांची ही पदवी 88 श्रेयांकांची आहे. चार सत्रे, प्रत्येकी 22. पहिल्या वर्षाचे 44 पूर्ण करून थांबणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळते.

पहिल्या सत्रात मुख्य विषयाचे 14, ऐच्छिकाचे 4 आणि संशोधन पद्धतीचे 4 श्रेयांक असतात. दुसऱ्यात संशोधन पद्धतीची जागा कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प घेतो. खरा कस इथेच लागतो, कारण सजीव वर्गात कधी बसत नाहीत. ठाण्याजवळच्या शीळफाट्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र क्षेत्रकामासाठी लांब जायला नको. एका बाजूला पारसिकचा डोंगर, पलीकडे ठाणे खाडीची खारफुटी. 2022 साली या खाडीला रामसर दर्जा मिळाला. कॉलेजसाठी कल्याण, डोंबिवली किंवा ठाणे गाठावे लागते, आणि फाट्यावरच्या कोंडीत अडकलेल्या तासांना श्रेयांक नसतात. शेवटच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्पाला अनुक्रमे 4 आणि 6 श्रेयांक आहेत. ते कमीच वाटतात.

पुढे पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला साधारणपणे 55 टक्के गुण आणि प्रवेश परीक्षा किंवा नेट लागते. 2022च्या नियमांनुसार किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचाही समावेश असतो. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा.