चावडी कुठे आहे हो?

मुंबई-पुण्याच्या घरांतून लासलगावची ओळख होते ती भाजीच्या पिशवीतून. कांदा महागला की वर्तमानपत्रात या गावाचे नाव झळकते, आणि स्वस्त झाला की आपण ते खुशाल विसरतो. नाशिकहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीने निफाड, उगाव मागे टाकून मी इथे उतरलो तेव्हा कांद्याचा बाजार पाहायचा हेतू होताच. पण डोक्यात दुसरेही एक खूळ होते. मला चावडी पाहायची होती.

आपल्या शहरी मुलांना चावडी म्हणजे रिकामटेकड्यांनी गप्पा छाटण्याची जागा वाटते. गप्पा तर होतच. पण गावची कचेरी, न्यायसभा आणि सभागृह ही तिन्ही त्या एका छपराखाली नांदत. उंच जोते, लाकडी खांब आणि पुढची बाजू बहुधा सताड उघडी. आत पाटील, शेजारी कुलकर्णी आणि त्यांची रुमालात बांधलेली दप्तरे. शेतसारा भरायचा तो इथे, बांधाचा तंटा मांडायचा तो इथे, गावात उतरलेला परका कोण याची चौकशी व्हायची तीही इथेच.

दर्शनी बाजू उघडी असण्यात मला तरी मोठे शहाणपण दिसते. अक्षरओळख मूठभरांना, तेव्हा कागदावर काय लिहिले आहे ते चारचौघांत मोठ्याने वाचल्याशिवाय गावाला कळणार कसे? सातबारा संगणकावर चढल्यावर त्यातल्या चुका काढण्यासाठी सरकारने २०१७ साली गावोगाव तो जाहीर वाचायला लावला. त्या उपक्रमाचे नाव ‘चावडीवाचन’! पाटील-कुलकर्णी गेले, पण शब्द अजून नोकरीत आहे.

मात्र उघडी असलेली ही वास्तू सर्वांना मोकळी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. गावकीच्या कामावरचा महार वतनदार चावडीसाठी रात्रंदिवस राबे. सरकारी निरोप पोहोचवणे, साऱ्याची रक्कम तालुक्याला नेताना सोबत करणे, हद्दीच्या खुणा सांगणे, सारे त्याच्याकडे. शिवेच्या तंट्यात त्याचा शब्द मोलाचा मानीत. आणि ज्याच्या शब्दावर शीव ठरे त्याने उभे राहायचे ते पायरीखाली! लासलगावहून विंचूरवरून पुढे गेले की येवला लागते. तिथेच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. या वतनाच्या जोखडाविरुद्ध त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ सालीच विधेयक आणले होते. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

कुलकर्ण्यांची वतने त्याआधी, १९५१ मध्ये गेली. मुलकी पाटीलकी १९६३ च्या आरंभी संपली. तलाठ्याला वेगळी खोली मिळाली, ग्रामपंचायतीला वेगळे कार्यालय. चावडीला काम उरले नाही.

लासलगावात “चावडी कुठे आहे हो?” म्हणून विचारले, तर एका सायकलवाल्या गृहस्थांनी हसून बाजार समितीकडे बोट दाखवले. मला ती थट्टा वाटली. पण तास-दोन तास त्या आवारात काढले आणि म्हटले, यात तथ्य आहे. कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा, एका वाहनाजवळून दुसऱ्याजवळ सरकणारा व्यापाऱ्यांचा घोळका आणि सर्वांच्या कानांवर पडणारा भाव. पूर्वी कित्येक बाजारांत हा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरे; मालाचा धनी बिचारा बाजूला उभा राहून तोंडे पाहत राही. १९४७ साली इथे बाजार समिती आली. तिच्या कारभारात शेतकरी, व्यापारी आणि हमाल-मापारी यांचे प्रतिनिधी बसतात. चारचौघांदेखत बोलायचे, ही चावडीचीच रीत. आणि इथे पायरी नाही.

तरीसुद्धा माझे समाधान झाले नाही. लिलावात बोलायचे ते पोळ कांद्याचे, रांगड्याचे, उन्हाळ्याचे. विहिरीच्या पाण्याचा वाटा, शाळेचे गळके छप्पर, एखाद्या विधवेच्या नावावर न चढलेली जमीन, हे विषय तिथे कोण काढणार?

येवल्यावरून कोपरगाव ओलांडून शिर्डीला गेलात तर एक चावडी जपलेली दिसेल. साईबाबा एक दिवसाआड रात्री तिथे निजत, म्हणून ती राहिली. आता प्रत्येक गावाने जुनी चावडी वाचवायला साईबाबा आणायचे कुठून?

ज्या अजून उभ्या आहेत त्यांची कौले शाकारावीत, खांबांना तेलपाणी करावे. पायरी मात्र बुजवू नये. कोण वर बसे आणि कोण खाली उभा राही, हे मुलांना तिथेच दाखवता येईल. आत लहानसे वाचनालय, ओसरीवर ग्रामसभा, एवढे काम तिला पुरे. शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरवली, की ऊन चढू लागताच निम्मे गाव उठून जाते.