डाग आणि वण

माझा पुतण्या संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. घरगुती छायाचित्रांच्या आपल्या प्रोग्रॅमला त्यानें परवां दोन नव्या सोयी जोडल्या : स्कॅनरवरून चित्र थेट आंत घेण्याची आणि तें दुरुस्त करण्याची. पारखण्यासाठीं मीं आईचें एकुलतें एक छायाचित्र दिलें.

१९५७ सालीं अमेरिकेंत रसेल कर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र संगणकांत उतरविलें, तें उभेंआडवें १७६ ठिपक्यांचें होतें. आज ठिपके लक्षावधि झाले. किमया मात्र तीच. ठिपका म्हणजे एक आंकडा. आंकडा बदलला कीं चेहरा बदलतो!

शेजारच्या ठिपक्यांचे आंकडे उसने घेऊन पुतण्यानें कागदावरचा डाग पुसला. मी हरखलों. पण त्याच फटकाऱ्यांत आईच्या कपाळावरचा वणहि गेला. लहानपणीं मला पडतांना सांवरलें, तेव्हां उंबरठा लागून तिला झालेली ती जखम! यंत्राला दोन्ही सारखेच.

"काका, कागद आहे कीं!" तो म्हणाला.

"कागद किती दिवस टिकणार? मूळ चित्राला हात लावूं नकोस. दुरुस्ती निराळी ठेव."

त्यानें त्याच रात्रीं तशी सोय केली. आतां आईचीं दोन चित्रें आहेत. पाहुण्यांना मी स्वच्छ तें दाखवितों. एकटा असलों कीं दुसरें उघडतों.