चिनी महालाचा निळा रंग

मुलांनो, दौलताबादचा, म्हणजे आपल्या देवगिरीचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलं, की पंधराएक किलोमीटरवर तो डोंगर दिसतोच. सहलीत सगळ्यांना घाई असते ती मेंढा तोफ बघायची आणि अंधारीत शिरायची. त्या घाईत वाटेवरची एक पडकी इमारत राहून जाते. तिचं नाव चिनी महाल.

नाव महाल, पण होता तो कैदखाना! १६८७ साली औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला आणि तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन याला इथे आणून ठेवलं. तो मरेपर्यंत कैदेतच राहिला. महालाच्या भिंतीवर चिनी बशीसारख्या चकाकणाऱ्या निळ्या टाइल्स होत्या, म्हणून हे नाव. आता थोडेसे तुकडेच उरलेत. पण त्यांचा निळा रंग पाहा. शेकडो पावसाळे झाले, तरी तो टिकून आहे.

कसा बरं? याचं उत्तर मला एका कॉफीच्या कपात सापडलं. आमच्या शेजारच्या आजोबांच्या शोकेसमध्ये रशियाहून आणलेला दोघांपुरता कॉफीसेट आहे. उंच किटली, दोन कप, दोन बश्या आणि साखरदाणी. पांढऱ्याशुभ्र चिनीमातीवर हाताने काढलेली निळ्या रेघांची तिरपी जाळी, आणि रेघा मिळतात तिथे सोनेरी ठिपके. ही नक्षी लेनिनग्राडच्या कारखान्यातल्या आना यात्स्केविच या चित्रकर्तीची, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीची. त्या शहराला जर्मनांनी जवळजवळ नऊशे दिवस वेढा घातला होता. बॉम्बच्या हादऱ्याने काचा फुटू नयेत म्हणून लोक खिडक्यांवर कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवत. त्यावरून तिला ही जाळी सुचली, असं सांगतात.

कारखाना मात्र १७४४ सालचा. तिथे चिनीमातीची कृती शोधून काढली दिमित्री विनोग्रादोव्ह याने. ती बाहेर फुटू नये म्हणून त्या बिचाऱ्यालाच पहाऱ्यात ठेवलं! हाही एक कैदीच म्हणा ना.

असा गडद निळा रंग मिळतो कोबाल्ट नावाच्या धातूपासून. गंमत म्हणजे कुंचल्याने लावताना तो काळपट दिसतो. त्यावर काचेसारखी झिलई चढते, भांडं तेराशे अंशांहून जास्त तापलेल्या भट्टीत जातं, आणि बाहेर येतं ते निळंशार होऊन. रंग झिलईखाली बसलेला असतो, म्हणून धुऊन जात नाही. सोनेरी रंग वरून देतात. आजोबांच्या कपांच्या काठाचं सोनं पार पुसलंय, निळी जाळी जशीच्या तशी.

टाइल्सवरही अशीच काचेची झिलई असते. ती पावसाला दाद देत नाही, पण माणसांच्या हातांपुढे तिचं काही चालत नाही. मागच्या सहलीत आमच्या चौथीतल्या एकाने नखाने एक तुकडा हलवून पाहिला. "बाई, हा सुटतोय. घेऊ का?"

मी त्याला तिथेच बसवलं आणि म्हटलं, "वहीत काढून घे की!" निळा खडू अर्धा झिजला, पण तो निळा काही त्याला जमेना.