भेदरं

जठारपेठेतल्या आमच्या गच्चीवर जागा जेमतेम सहा कुंड्यांची. मागच्या हिवाळ्यात त्यांत तीन वाण लावले, दोन-दोन झाडं: दिल्लीची पुसा रुबी, बेंगळुरूच्या संशोधन संस्थेचा संकरित अर्का रक्षक आणि अम्मीने माहेरून आणलेलं भेदराचं बी. उर्दू शाळेतून आलो की तोडा मोजायचा, वहीत लिहायचा. मास्तरकी घरीही सुटत नाही!

अर्का रक्षकने पाच किलो दिले, पुसा रुबीने तीन. भेदरं दीड किलोवर अडलं. पुढच्या साली ते नकोच, असं आम्ही ठरवलं.

अम्मी म्हणाली, "तौलतेच बैठोगे, या खाके बी देखोगे?" तिने तिन्हींची वेगवेगळी चटणी केली. अब्बांच्या इंतकालानंतर एका भाकरीवर उठणाऱ्या अम्मीने भेदराच्या चटणीशी दुसरी भाकर मोडली. आमच्या वहीत चवीचा रकानाच नव्हता.

संकरिताचं बी दरवर्षी विकत आणावं लागतं. भेदराचं घरी धरता येतं. पण मार्च लागला होता, अकोल्याच्या उन्हात फुलं गळत होती. झाडावर एकच पिकलेलं भेदरं उरलं होतं. ते आम्ही खाल्लं नाही. बी राखेत घोळवून पुडी बांधली.

यंदा चार कुंड्या भेदराला.