दुरुस्ती

घरातल्या वस्तूंचे दोनच वर्ग मला खरे वाटतात: उघडता येणाऱ्या आणि उघडता न येणाऱ्या. तुम्ही म्हणाल, हे कसले वर्गीकरण! पण ज्याने पंधरा-वीस वर्षे संसार केला आहे, त्याला ते पटल्यावाचून राहणार नाही.

आमची जुनी विजेची इस्त्री पहिल्या वर्गातली. तिच्या पोटात अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांत नायक्रोमची पट्टी गुंडाळलेली असे. ती जळाली की वडील दोन नट सैल करून नवी कॉइल बसवीत, की इस्त्री पुन्हा कामाला हजर! दोन टबांच्या वॉशिंग मशीनचेही तसेच. दोन मोटारी, एक पट्टा, टायमर, कपॅसिटर. यांतले काहीही गेले तरी नाक्यावरचे मिस्त्री तासाभरात ते मार्गी लावीत.

पुढे आईच्या बोटांना संधिवाताने ग्रासले. ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकणे तिला जमेना, म्हणून आम्ही समोर दार असलेले ऑटोमॅटिक मशीन घेतले. सहाव्या वर्षी कपडे पिळताना ते असे गरजू लागले, की खालच्या काकू चौकशीला वर आल्या. कंपनीचा तरुण आला, ड्रम हाताने फिरवून म्हणाला, "सर, बेअरिंग गेलं. पूर्ण टब बदलावा लागेल."

रोग तसा साधा. ड्रमच्या आसावरचे रबरी सील झिजते, साबणाचे पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि पोलादी गोळ्या गंजतात. बेअरिंग काही शे रुपयांचे. पण प्लॅस्टिकच्या टबाचे दोन अर्धे कारखान्यातच वितळवून एकजीव केलेले. म्हणजे दात दुखतो म्हणून डोके बदलायचे! खर्च नव्या मशीनच्या जवळजवळ निम्मा.

अखेर नाक्यावरचे मिस्त्रीच आले. त्यांनी जोडावरून टब करवतीने कापला, नवी बेअरिंगे व सील बसवले, आणि कडेने भोके पाडून स्क्रू व सीलंटने तो पुन्हा जोडला. आई खुर्ची घेऊन शेजारीच बसली होती.

"कुठं शिकलात हो हे?" तिने विचारले.

"भंगारातल्या टबांवर, आजी. पण पोरगं म्हणतं, हात काळे करून मिळतं काय?"

आईचे कपडे आजही त्याच मशीनमध्ये धुतले जातात. मनात घोळत राहिले ते मात्र हे वाक्य.

युरोपीय संघात मार्च २०२१ पासून असा नियम आहे, की एखादे मॉडेल बाजारात येणे थांबल्यावरही त्याचे ठरावीक सुटे भाग किमान दहा वर्षे मिळाले पाहिजेत. बेअरिंग सुटे द्यावे की ड्रमसकट, याची मुभा मात्र कंपनीला ठेवली आहे! आपल्याकडेही डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. हक्क हवाच. पण सुटा भाग नुसता कपाटात असून काय उपयोग? तो बसवणारा हातही हवा.

'दुरुस्त' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचा अर्थ बरोबर, ठीक. विद्यार्थ्यांच्या वहीत मी लाल शाईने दुरुस्ती करतो, तिला लोक विद्वत्ता म्हणतात. मिस्त्री करवतीने दुरुस्ती करतात, तिला हात काळे करणे म्हणतात. मग त्या पोराने तरी वेगळे काय म्हणावे?